लाकडातील ओलाव्याचे मापन
चिमूर परिसरातील शेतकऱ्यांसाठी सोप्या पद्धती

वैशाखाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे गेला, म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरील लोखंडी धाव खडखडू लागते. भाद्रपदात तीच धाव चाकाला इतकी घट्ट बसलेली असते की, घणाचे घाव घातल्यावाचून ती हलत नाही. लोखंड तेच, चाकही तेच. बदलले असते ते लाकडातील पाणी. उन्हाळ्यात लाकूड आपले पाणी हवेला देऊन आकसते, पावसाळ्यात ते हवेतून परत घेऊन फुगते. लोखंड मात्र आहे तसेच राहते. सैल झालेले चाक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाचा आहे. परंतु तो उपाय फार दिवस टिकत नाही आणि दर वर्षी धाव अधिकच सैल होत जाते, हाही सर्वांचा अनुभव आहे.

आता गावोगावी रबरी चाकांच्या गाड्या व ट्रॅक्टर आले असले, तरी लाकडाचे काम संपलेले नाही. घराची चौकट, दारे, वासे, वखराचे खोड, जू, कुऱ्हाडीचा व कुदळीचा दांडा, धान्याची कोठी, खाट, आणि रोजच्या चुलीचे सरपण या सर्वांत लाकडाच्या ओलाव्याचा प्रश्न येतोच. चिमूर तालुका साग, ऐन, बीजा, धावडा यांच्या पानझडी जंगलाने वेढलेला असून, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची सीमा त्यास लागून आहे. लाकडाची पारख येथील सुतारास व शेतकऱ्यास वंशपरंपरेने आहे. त्या पारखीस तराजूची जोड दिल्यास पुष्कळ नुकसान टळू शकते. ती जोड कशी द्यावी, याची माहिती पुढे दिली आहे.

लाकडातील पाणी दोन प्रकारचे

लाकूड हे अत्यंत बारीक, लांबट पेशींचे बनलेले असते. झाड नुकतेच तोडलेले असताना या पेशींच्या पोकळीत पाणी भरलेले असते, तसेच पेशींच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते. पोकळीतील पाण्यास मुक्त पाणी व भिंतीतील पाण्यास बद्ध पाणी असे म्हणतात. लाकूड वाळू लागले की, प्रथम पोकळीतील मुक्त पाणी निघून जाते. त्यामुळे लाकडाचे वजन कमी होते, परंतु त्याचा आकार बदलत नाही. पोकळ्या रिकाम्या झाल्या व भिंती मात्र अद्याप भिजलेल्या आहेत, अशी एक अवस्था येते. तिला तंतु-संपृक्त अवस्था म्हणतात. बहुतेक जातींत ही अवस्था 25 ते 30 टक्के ओलाव्याच्या आसपास येते. तिच्याखाली ओलावा उतरू लागला, म्हणजे भिंतींतील पाणी निघू लागते आणि तेव्हाच लाकूड आकसणे, पिळवटणे व तडकणे या सर्व गोष्टी सुरू होतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ओंडका तोडून दोन महिने झाले आणि त्यास एकही चीर पडली नाही, म्हणून ते लाकूड उत्तम वाळले, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. कदाचित त्याच्या आतील भागात आकसण्याची क्रिया अद्याप सुरूच झालेली नसेल. अशा लाकडाची चौकट बसविली, तर जे आकसणे सुताराच्या अंगणात व्हावयाचे, ते घराच्या भिंतीत होते.

लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जेवढे आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट वर्षकड्यांच्या दिशेने आकसते. सागासारख्या स्थिर लाकडातही, ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत, पहिल्या दिशेतील घट सुमारे अडीच टक्के, तर दुसऱ्या दिशेतील घट सुमारे पावणेसहा टक्के असते. वर्षकड्यांना समांतर कापलेली, 20 सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी 24 टक्के ओलाव्यावर दारात बसविली आणि ती पुढे 8 टक्क्यांपर्यंत वाळली, तर तिची रुंदी सुमारे सहा ते सात मिलिमीटरने कमी होते. चार फळ्यांच्या दारात मिळून बोट जाईल एवढी फट पडते. सागाची ही स्थिती, तर अधिक आकसणाऱ्या जातींची स्थिती काय होईल, याची कल्पना सहज करता येईल.

टक्का कसा काढतात

ओलाव्याचा टक्का हा शब्द धान उत्पादक शेतकऱ्यास नवा नाही. आधारभूत किंमत खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा 17 टक्क्यांहून अधिक नसावा, अशी अट असते व तो तेथे यंत्राने मोजला जातो. परंतु धानाचा टक्का व लाकडाचा टक्का काढण्याच्या रीती वेगळ्या आहेत आणि हा भेद न समजल्यास घोटाळा होतो. धान्याच्या बाबतीत पाण्याचे वजन हे ओल्या मालाच्या एकूण वजनाशी ताडून पाहतात. लाकडाच्या बाबतीत ते पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून पाहतात.

उदाहरणार्थ, लाकडाचा एक तुकडा ओला असताना 96 ग्रॅम भरला व पूर्ण कोरडा केल्यावर 60 ग्रॅम भरला. त्यातून 36 ग्रॅम पाणी गेले. 36 ला 60 ने भागून 100 ने गुणिले असता 60 टक्के हा ओलावा येतो. धान्याच्या रीतीने हिशेब केला असता, तर 36 ला 96 ने भागावे लागले असते व उत्तर साडेसदतीस टक्के आले असते. तुकडा तोच, पाणी तेवढेच, केवळ हिशेबाची रीत निराळी. लाकडाच्या रीतीत ओलावा 100 टक्क्यांहून अधिकही येऊ शकतो. सावरीसारख्या हलक्या लाकडात लाकडापेक्षा पाण्याचे वजन अधिक असू शकते, हे लक्षात घेतल्यास त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

हाताचा अंदाज का फसतो

लाकूड उचलून पाहणे, त्यावर टिचकी मारून आवाज ऐकणे, रंध्याची छिलका हातात चुरून पाहणे, या सुताराच्या जुन्या कसोट्या आहेत. एकाच जातीचे, एकाच मापाचे दोन तुकडे ताडून पाहण्यास त्या उपयोगी पडतात. परंतु जाती बदलल्या की त्या फसव्या ठरतात. कारण जंगलातील निरनिराळ्या झाडांचे लाकूड मुळातच कमीअधिक जड असते. हवेत वाळलेला धावडा घनमीटरला सुमारे 900 किलोग्रॅम, ऐन सुमारे 850, साग सुमारे 650, तर सावर अवघी 350 किलोग्रॅमच्या आसपास भरते. सावरीत तिच्या कोरड्या वजनाइतके पाणी असले, तरीही ती वाळलेल्या धावड्याहून हलकीच लागते. हातास जड लागले ते ओले व हलके लागले ते वाळलेले, हा नियम म्हणूनच धरता येत नाही.

जातीजातींच्या वाळण्याच्या तऱ्हाही भिन्न आहेत. साग मध्यम गतीने व बिनबोभाट वाळतो. त्याची कीर्ती त्याच्या या गुणावरच बरीचशी उभी आहे. ऐन व धावडा ही घट्ट पोताची, जड लाकडे फार हळू वाळतात. त्यांचा वरचा थर उन्हाने कोरडा होऊन आकसू पाहतो, आतला ओला भाग त्यास आकसू देत नाही आणि मग पृष्ठभागावर चिरा पडतात. अशा लाकडाचा बाहेरील भाग 12 टक्क्यांवर असताना आतील भाग 30 टक्क्यांवर असू शकतो. सालई, मोवई व सावर यांची गोष्ट उलट आहे. ती लवकर वाळतात, पण वाळण्यास जागा न मिळाल्यास तितक्याच लवकर बुरशीने काळवंडतात व किडीच्या तावडीत सापडतात. एकाच ओंडक्यातही नार, म्हणजे गाभ्याचे पक्के लाकूड, आणि बाहेरचे पांढरे लाकूड यांचा ओलावा वेगवेगळा असतो.

काही वेळा झाडच उभ्या उभ्या वाळवीत असत. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत तोडीपूर्वी बुंध्याभोवती साल व पांढरे लाकूड कापून झाड दोन-तीन वर्षे तसेच उभे ठेवण्याची पद्धत होती. ताजा साग पाण्यावर तरत नाही आणि तेथील ओंडके नदीतून वाहत न्यावयाचे असत, हे त्याचे मुख्य कारण होते. लाकूड किती वाळले, याची परीक्षा तेथे नदीच घेई. जेथे अशी परीक्षा होत नाही, तेथे ती तराजूने घ्यावी लागते.

भट्टीची पद्धत

ओलावा मोजण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे लाकडाचा नमुना भट्टीत वाळवून त्याचे वजन करणे ही होय. इतर सर्व साधने याच पद्धतीशी ताडून पाहिली जातात. तिची कृती पुढीलप्रमाणे आहे.

फळीच्या अगदी टोकाचा नमुना कधीही घेऊ नये. टोकाकडून पाणी फार लवकर उडते व तेथील टक्का फळीच्या मानाने पुष्कळ कमी असतो. टोकापासून किमान 30 सेंटिमीटर, व शक्य असल्यास 45 सेंटिमीटर आत जाऊन, फळीची संपूर्ण रुंदी व जाडी येईल असा आडवा तुकडा कापावा. लांबीच्या दिशेने तो 15 ते 25 मिलिमीटरचा असावा. त्यात गाठ, साल किंवा चीर नसावी. लोंबणारे तंतू व भुसा झटकून तुकड्याचे वजन ताबडतोब करावे. ताबडतोब वजन करणे शक्य नसल्यास तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. उन्हाळ्याच्या दुपारी अर्धा तास उघडा राहिलेला तुकडाही खोटे उत्तर देतो.

त्यानंतर तुकडा 103 अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत ठेवावा. या तापमानात दोन अंशांहून अधिक चढउतार नसावा. साधारण एक दिवसाने वजन करावे, पुन्हा काही तास ठेवून पुन्हा वजन करावे. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला, म्हणजे तुकडा पूर्ण कोरडा झाला असे समजावे. तराजू एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा असावा. सालईसारख्या राळयुक्त लाकडातून पाण्याबरोबर उडून जाणारी काही द्रव्येही निघून जातात, त्यामुळे तेथे टक्का किंचित अधिक येतो, हेही ध्यानात ठेवावे.

अशी भट्टी गावात नसते. परंतु मातीतील ओल काढण्यासाठी प्रयोगशाळेत जी भट्टी वापरतात, तीच यासाठी चालते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथे, किंवा जवळच्या विज्ञान महाविद्यालयात, अथवा माती परीक्षण प्रयोगशाळेत ग्राम कार्यकर्त्यांनी चौकशी करावी. चुलीवरील तव्यावर लाकूड वाळविण्याचा प्रयोग मात्र करू नये. त्यात कडा करपतात, पाण्याबरोबर लाकूडही जळते आणि ओलावा आहे त्याहून पुष्कळ अधिक दिसतो.

नमुना फळीची पद्धत

प्रत्येक वेळी भट्टीकडे धाव घेणे कोणासही परवडणारे नाही. त्यासाठी एकदाच भट्टीची मदत घेऊन पुढे केवळ तराजूवर भागविण्याची एक युक्ती आहे. लाकूड वाळविण्याच्या कारखान्यांत ती सर्रास वापरली जाते आणि गावातही ती सहज करता येण्याजोगी आहे.

थप्पीतील एक सर्वसाधारण फळी निवडून तिच्या दोन्ही टोकांकडील 30 ते 45 सेंटिमीटरचा भाग काढून टाकावा. उरलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंनी एक एक पातळ तुकडा वर सांगितल्याप्रमाणे कापून भट्टीसाठी द्यावा. मधल्या फळीचे वजन त्याच वेळी करून ते वहीत लिहावे. मग तिच्या दोन्ही कापलेल्या टोकांना डांबर किंवा तेलरंगाचा जाड लेप द्यावा, म्हणजे टोकाकडून पाणी उडणार नाही. ही झाली नमुना फळी.

समजा, दोन तुकड्यांचा ओलावा 66 व 70 टक्के निघाला. सरासरी 68 टक्के झाली. फळीचे वजन कापताना 8.4 किलोग्रॅम होते. तर 8.4 ला 100 ने गुणून 168 ने भागावे. उत्तर 5 किलोग्रॅम येते. हे त्या फळीचे कोरडे वजन होय. फळी प्रत्यक्षात कधीच भट्टीत गेली नाही, तरी ती पूर्ण कोरडी झाल्यास किती भरेल, हे यावरून कळते. पुढचा हिशेब शाळकरी मुलासही जमेल असा आहे. फळी साडेसहा किलोग्रॅम भरली, की तिचा ओलावा 30 टक्के. सहा किलोग्रॅम भरली, की 20 टक्के. आणि 5 किलोग्रॅम 600 ग्रॅम भरली, म्हणजे 12 टक्के. दहा ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा साधा तराजूही या कामी पुरेसा होतो, कारण एवढ्या फळीत दहा ग्रॅमची चूक म्हणजे टक्क्याचा पाचवा हिस्सा होय.

नमुना फळी थप्पीत अशा जागी ठेवावी की, ती सहज ओढून काढता येईल. मात्र वाऱ्याच्या अगदी तोंडावर ठेवू नये, अन्यथा ती इतर फळ्यांच्या आधी वाळून भ्रम उत्पन्न करील. दर आठवड्यास तिचे वजन करून तारखेसह वहीत लिहावे. साग व ऐन एकत्र रचलेले असल्यास प्रत्येक जातीची वेगळी नमुना फळी ठेवणे आवश्यक आहे.

विजेवर चालणारे मापक

आजकाल बाजारात हातात मावणारी ओलावा मापक यंत्रे मिळतात. कोरड्या लाकडातून वीज फार कष्टाने वाहते व ओलावा वाढत जाईल तसतशी ती अधिक सुलभतेने वाहते, या गुणधर्माचा त्यांत उपयोग केलेला असतो. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेत 1920 च्या दशकात या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि त्यातून अशा यंत्रांचा पाया घातला गेला. यंत्राच्या दोन सुया लाकडात खुपसल्या की आकडा लगेच दिसतो.

परंतु या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे योग्य नाही. साधारण 6 ते 28 टक्के एवढ्याच टप्प्यात हे यंत्र भरवशाचे असते. तंतु-संपृक्त अवस्थेच्या वर त्याचा आकडा केवळ अंदाज मानावा. दुसरे असे की, एकाच ओलाव्यास निरनिराळ्या जातींचे लाकूड निरनिराळा आकडा दाखविते. यंत्रावर कोणत्या जातीसाठी खूण केलेली आहे, हे पाहून आपल्या लाकडासाठी दुरुस्ती करावी लागते. डेहराडून येथे 1906 साली स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या गुणधर्मांवर दीर्घकाळ काम केलेले आहे. परदेशी यंत्राच्या पुस्तिकेत धावडा किंवा तिवस यांचे नाव बहुधा सापडत नाही. अशा वेळी त्याच लाकडाचे चार-पाच तुकडे भट्टीतून काढून यंत्राचा आकडा किती चुकतो, ते एकदा ताडून पाहावे व तो फरक यंत्राच्या पेटीवर लिहून ठेवावा.

सुया लाकडाच्या धाग्यास समांतर खुपसाव्यात. फळीच्या जाडीच्या चौथ्या ते पाचव्या हिश्श्याइतक्या खोलीवर सरासरी ओलाव्याच्या जवळचा आकडा मिळतो. केवळ पृष्ठभागास टेकवून घेतलेला आकडा ऐन व धावडा यांच्या बाबतीत हमखास कमी येतो. दवाने किंवा पावसाने वरून भिजलेली फळी, तसेच वाळवीपासून संरक्षणासाठी क्षारांच्या द्रावणात बुडविलेले लाकूड, यांचा आकडा वास्तवाहून अधिक येतो. धान्याचे ओलावा यंत्र लाकडासाठी मुळीच वापरू नये.

किती वाळवावे

लाकूड जितके अधिक वाळेल तितके बरे, असे नाही. ते ज्या हवेत राहणार, त्या हवेशी जुळणारा ओलावा त्यात असावा, हे तत्त्व होय. हवा 40 अंश तापमानाची असून तिची सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल, तर लाकूड हळूहळू 4 ते 5 टक्क्यांपर्यंत वाळू पाहते. हवा 27 अंशांची व आर्द्रता 85 टक्के असेल, तर तेच लाकूड 17 ते 18 टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ पाहते. चिमूरकडील उन्हाळ्याची दुपार पहिल्या प्रकारची, तर श्रावणातील झड दुसऱ्या प्रकारची असते. जाड लाकूड या टोकांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, कारण तोवर ऋतू पालटतो. तथापि, त्याचा प्रवास या दोन टोकांच्या दरम्यान वर्षानुवर्षे चालू राहतो.

आय. एस. 287 या भारतीय मानकात, 1993 च्या आवृत्तीनुसार, हवेतील आर्द्रतेवरून देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. दारे व खिडक्या यांसाठी 50 मिलिमीटर व त्याहून जाड लाकडात, सर्वांत कोरड्या विभागात 10 टक्क्यांपासून सर्वांत दमट विभागात 16 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्याहून पातळ लाकडात ही मर्यादा 8 ते 14 टक्के आहे. कोकणात चालणारे दार विदर्भात का फाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

शेतकऱ्याच्या गरजेच्या दृष्टीने पाहता, कामाकामाप्रमाणे ओलावा ठरविणे हिताचे होय. दार व खिडकी पावसाळ्यात अडू नये व उन्हाळ्यात फाटू नये, यासाठी मधला, म्हणजे 10 ते 12 टक्क्यांचा ओलावा योग्य ठरतो. परंतु जेथे लाकूड लोखंडात घट्ट बसवावयाचे असते, तेथे नियम वेगळा आहे. कुऱ्हाडीचा दांडा, कुदळीचा दांडा आणि चाकावरील धाव ही कामे लाकूड वर्षातील सर्वांत कोरड्या अवस्थेत असताना, म्हणजे भर उन्हाळ्यात, करावीत. मग पुढे लाकूड फुगले तरी पकड घट्टच होते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर चढविलेली धाव मात्र पुढील उन्हाळ्यात सैल होणारच.

सैल चाक पाण्यात बुडविण्याच्या उपायातील दोषही येथे उमगतो. भिजलेले लाकूड फुगू पाहते, परंतु लोखंड त्यास फुगू देत नाही. त्यामुळे कडेचे तंतू दबून चिरडले जातात. पुन्हा वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही कमी जागा व्यापतात. दांडा भिजवून घट्ट करणारा मजूर एक दिवसाची सोय करून पुढची अडचण वाढवीत असतो. उगारलेल्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याच्या अंगावर जाण्याचा धोका लक्षात घेता, ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

थप्पी रचताना

मोजमाप कितीही चोख असले, तरी वाळवण नीट नसेल, तर त्याचा उपयोग नाही. कापलेल्या फळ्या जमिनीपासून 30 ते 45 सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर किंवा दगडांवर रचाव्यात. प्रत्येक थरात सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीच्या वाळलेल्या पट्ट्या आडव्या ठेवाव्यात व त्या एकाखाली एक सरळ रेषेत येतील अशी काळजी घ्यावी. अन्यथा फळ्या वाकतात. थप्पीवर छप्पर असावे, वारा आरपार खेळावा, परंतु ऊन थेट पडू नये. टोकांना डांबर लावावे. ऐन व धावडा यांसारखी तडकणारी लाकडे पावसाळा संपताच कापून रचावीत, म्हणजे हिवाळ्याच्या सौम्य हवेत ती सावकाश वाळतात व उन्हाळ्याची झळ लागेपर्यंत त्यांतील मोठा धोका टळलेला असतो. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिल्यास लाकूड कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. वाळवी व भुंगेरे यांचा प्रश्न मात्र यानंतरही उरतो व त्यासाठी वेगळे उपाय योजावे लागतात.

बांबू आणि सरपण

बांबू हा लाकडाच्या कोष्टकात बसत नाही. कोवळ्या बांबूच्या बुडाकडील भागात 100 टक्क्यांहून अधिक ओलावा असू शकतो, शेंड्याकडे तो कमी असतो. लाकूड तंतु-संपृक्त अवस्थेखाली गेल्यावर आकसू लागते, तर बांबू वाळू लागताच आकसावयास आरंभ करतो. म्हणून किमान तीन वर्षांचे पक्के बांबू निवडावेत. मापन भट्टीनेच करावे व नमुना बुडखा, मध्य आणि शेंडा या तिन्ही भागांतून घ्यावा.

सरपणाच्या बाबतीत ओलाव्याचा हिशेब थेट पैशांशी व घरातील स्त्रियांच्या आरोग्याशी येऊन भिडतो. सरपण वजनावर विकले जाते. 60 टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल सरपणात कोरडे लाकूड साडेबासष्ट किलोग्रॅम असते, बाकीचे पाणी. 20 टक्के ओलाव्याच्या एक क्विंटलात कोरडे लाकूड त्र्याऐंशी किलोग्रॅमहून अधिक असते. म्हणजे त्याच पैशात एक तृतीयांश लाकूड अधिक मिळते. शिवाय, ओल्या क्विंटलातील पाणी वाफ करून घालविण्यातच पाच ते सहा किलोग्रॅम कोरड्या लाकडाची उष्णता खर्ची पडते. त्याहून मोठे नुकसान धुराचे आहे. पाण्यामुळे ज्वाला थंड पडते, लाकूड अर्धवट जळते आणि उरलेले धुराच्या रूपाने स्वयंपाकघरात भरते. फोडलेले सरपण छपराखाली एक उन्हाळा ठेवून पावसाळ्यात वापरणे, हा डोळ्यांचा व छातीचा त्रास कमी करण्याचा एक स्वस्त उपाय आहे.

गावाने करावयाची व्यवस्था

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक तराजू, एक वही आणि प्रत्येक जातीची एक नमुना फळी एवढ्या साहित्यावर गावातील सुतार, शेतकरी गट अथवा ग्रामपंचायत हे काम सुरू करू शकते. ओलावा मापक यंत्र घ्यावयाचे झाल्यास चार-पाच गावांनी मिळून एक घेतले, तरी पुरेसे होते. ग्राम कार्यकर्त्यांनी प्रथम एका घराच्या चौकटीचे लाकूड निवडून तिची नोंद ठेवावी, थप्पी रचल्यापासून चौकट बसेपर्यंतची वजने लिहावीत व ती वही लोकांना दाखवावी. एका वहीचा पुरावा दहा भाषणांहून अधिक पटणारा असतो.

चार पावसाळे पाहिलेले लाकूड उत्तम, असे जुने जाणते सांगत आले आहेत. त्यात तथ्य आहे. परंतु पावसाळे मोजण्यापेक्षा पाणी मोजणे अधिक खात्रीचे. घराची चौकट ही शेतकरी आयुष्यात एखाद्याच वेळी करतो. तिच्यासाठी सागाचा किंवा बीजाचा ओंडका विकत घेताना तो रास्त दाम मोजतो. तेच लाकूड सुताराच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा तराजूवर ठेवले, तर पुढे पंचवीस वर्षे दार नीट लागेल आणि उन्हाळ्याच्या वावटळीत फटींतून धूळ घरात येणार नाही. नमुना फळीने आपला ठरलेला आकडा गाठल्यावाचून रंधा हाती घेऊ नये, एवढा नियम गावातील सुतार व शेतकरी बंधूंनी पाळावा, हे सर्वांच्या हिताचे होय.